तिसऱ्या महिन्याची केसगळती : बाळंतिणीच्या निगेतील एक दुर्लक्षित टप्पा

घरात मूल जन्माला आले की साऱ्यांचे लक्ष दोन जिवांकडे लागते. बाळाची मालिश, न्हाणे आणि धुरी. बाळंतिणीसाठी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू आणि अळिवाची खीर असा क्रम सव्वा महिना चालतो. पाचवी होते, बारसे होते, आप्तस्वकीय बाळंतविडा देऊन जातात. सव्वा महिना सरला की ही वर्दळ ओसरते. बाळंतीण हळूहळू कामाला लागते, पुष्कळदा माहेराहून सासरी परतते. बाळाचे कौतुक चालूच राहते. आईची विचारपूस मात्र कमी होते.

नेमक्या याच सुमारास, तिसऱ्या किंवा चौथ्या महिन्यात, तिच्या फणीत केसांचे पुंजके येऊ लागतात. न्हाताना केस हाताला चिकटतात, उशीवर दिसतात, भाताच्या घासातही सापडतात. भांग रुंदावतो आणि कानशिलांवरचे केस विरळ होतात. गरोदरपणी दाट आणि तकतकीत झालेली वेणी डोळ्यांदेखत अर्धी झाल्याने ती घाबरते. घरातील कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोणी म्हणते, अंगावरचे दूध पाजल्याने शक्ती गेली. कोणी बाजारातील महागडे तेल सुचविते. ही गळती का होते, ती केव्हा थांबते आणि तिच्याकडे पाहताना कोणती गोष्ट नजरेआड होता कामा नये, हे तिला सांगणारे मात्र बहुधा कोणी नसते.

केसांचे जीवनचक्र

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. शेतातील पीक एकाच वेळी पेरले जाते आणि एकाच वेळी कापणीस येते. केसांचे तसे नसते. प्रत्येक केसाचे वेळापत्रक निराळे असते. एक केस साधारणपणे दोन ते सहा वर्षे वाढत राहतो, महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर या गतीने. त्यानंतर दोन-तीन आठवडे त्याची वाढ मंदावते आणि मग तो सुमारे तीन महिने मुळाशी स्वस्थ बसून राहतो. ही विश्रांती संपली की खालून नवा केस वर येतो आणि जुना गळून पडतो.

कोणत्याही दिवशी डोक्यावरील बहुसंख्य केस वाढीच्या अवस्थेत असतात. विश्रांतीत असणाऱ्यांची संख्या लाखात साधारण दहा हजार धरली आणि ते शंभर दिवसांत गळतात असे मानले, तर रोज शंभरेक केस गळणे हा निसर्गाचा नेहमीचा हिशेब ठरतो. निरोगी माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. ते इकडेतिकडे विखुरलेले असल्याने लक्षात येत नाहीत, इतकेच.

गरोदरपणात हा हिशेब बदलतो. या काळात स्त्रीच्या रक्तातील इस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण फार वाढलेले असते. त्याच्या प्रभावाने पुष्कळ केस वाढीच्या अवस्थेतच अधिक काळ राहतात, म्हणजे एरवी गळून जावयाचे केस डोक्यावर टिकून राहतात. गरोदर स्त्रीचे केस दाट दिसतात त्याचे हे कारण होय.

प्रसूतीनंतर इस्ट्रोजेनचे प्रमाण झपाट्याने खाली येते. रोखून धरलेले केस मग एकदमच विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही विश्रांती साधारण तीन महिन्यांची असल्याने त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दिसतो. एखाद्या कर्मचाऱ्याची साठलेली रजा एकाच महिन्यात निघावी, तसा हा प्रकार आहे. गळणारे केस हे बव्हंशी गरोदरपणात गळावयाचे राहून गेलेलेच केस असतात. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ मध्ये अशा विश्रांतीतील केसांच्या गळतीचे शास्त्रीय वर्णन केले. कडक ताप, मोठी शस्त्रक्रिया किंवा पुष्कळ रक्तस्राव झाल्यावरही काही आठवड्यांनी असेच केस गळतात.

या गळतीत केसाचे मूळ मरत नाही. मूल सहा महिन्यांचे ते वर्षाचे होईपर्यंत बहुतेक स्त्रियांची गळती थांबलेली असते. कपाळाशी आणि कानशिलांजवळ बारीक, आखूड केस उभे राहू लागले की नवे केस येत असल्याची ती खूण समजावी. केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतात. त्यामुळे वेणीची पूर्वीची लांबी येण्यास वेळ लागतो. तेवढा धीर धरणे हाच येथे मुख्य उपाय होय.

दूध तोडणे हा उपाय नव्हे

या गळतीविषयीच्या समजुतींपैकी सर्वांत हानिकारक समजूत ही की, बाळाला दूध पाजल्यामुळे केस गळतात. अंगावर न पाजणाऱ्या मातांचेही केस याच सुमारास गळतात. शिवाय, गळणारा केस काही आठवड्यांपूर्वीच विश्रांतीच्या अवस्थेत गेलेला असतो. आज दूध तोडले म्हणून तो परत वाढीस लागत नाही. केस वाचत नाहीत आणि बाळाचे हक्काचे अन्न मात्र जाते. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे, हा आरोग्यशास्त्राचा निर्विवाद सल्ला आहे. केसांच्या धास्तीने तिसऱ्या महिन्यात बाटली सुरू झाली, तर अतिसारासारखे आजार दारात येतात.

बाळ हसू लागले किंवा आईला ओळखू लागले की आईचे केस गळतात, असेही काही घरांत म्हटले जाते. ही समजूत निरुपद्रवी आहे आणि तिच्यामागे निरीक्षणही आहे. मूल दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात ओळखीचे हसू लागते आणि आईचे केसही त्याच सुमारास गळू लागतात. दोन्हींची वेळ एक आहे; एकामुळे दुसरे घडते असे मात्र नव्हे.

न्हाणे, तेल आणि फणी

केस धुतले की अधिक गळतात, या भीतीने पुष्कळ बाळंतिणी न्हाणे लांबणीवर टाकतात. न्हाताना हातात येणारे केस आधीच सुटलेले असतात. आठवडाभराचे केस एकाच दिवशी हाती आल्याने त्यांचा पुंजका मोठा दिसतो, एवढेच. आठवड्यातून एक-दोनदा कोमट पाण्याने डोके स्वच्छ धुणे चांगले. शिकेकाई, रिठा, आवळकाठी किंवा सौम्य शांपू यांपैकी जे मानवेल ते वापरावे. धुण्याचा सोडा किंवा कपड्यांचा साबण केसांना लावू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास आग होते, हे ध्यानात ठेवावे.

तेलाचे काम कोणते, हेही स्पष्ट असावे. खोबरेल तेलाने केस मऊ राहतात, गुंता कमी होतो आणि विंचरताना केस मधेच तुटत नाहीत. खोबरेल तेल केसात मुरते व धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळून आले. हा लाभ लहान नव्हे. परंतु संप्रेरकांतील बदलामुळे होणारी गळती कोणत्याही तेलाने थांबत नाही. माका, ब्राह्मी वा जास्वंद घालून घरी काढलेले तेल सुखाने लावावे. मात्र 'पंधरा दिवसांत गळती बंद' अशा जाहिरातीच्या तेलावर बाळंतिणीच्या दूध-अंड्यांचे पैसे खर्च होऊ नयेत. गळती आपणहून थांबण्याच्या सुमारास जे औषध चालू असते त्यालाच श्रेय मिळते, हे अशा जाहिरातींचे गमक आहे. केस वाढविण्याची औषधे अंगावर पाजत असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ वा लावू नयेत.

ओले केस विंचरू नयेत. रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर गुंता सोडवावा. घट्ट वेणी किंवा ताणून बांधलेला अंबाडा मुळांवर सतत ओढ आणतो. त्याने कपाळाकडील केस आणखी विरळ होतात. या काळात सैल वेणी बरी.

धुरीविषयीही एक सूचना आवश्यक आहे. केस वाळविण्यासाठी आणि शेकण्यासाठी बाळंतिणीच्या खोलीत शेगडी ठेवण्याची रीत आहे. दारे-खिडक्या बंद करून पेटत्या कोळशाची शेगडी ठेवल्यास विषारी वायू साचतो व तो आई आणि बाळ या दोघांच्याही जिवावर बेतू शकतो. केस टॉवेलने टिपून कोवळ्या उन्हात वाळवावेत.

गुंत्याची जट होऊ देऊ नये

काही भागांत बाळंतिणीचे डोके दीर्घकाळ न धुण्याची आणि न विंचरण्याची प्रथा आहे. सुटलेले केस डोक्यावरील केसांतच अडकून राहतात, त्यात तेल आणि घाम मिसळतो व गुंता घट्ट होत जातो. असाच गुंता वाढत गेला की त्याची जट बनते. जट म्हणजे देवीचे बोलावणे असे मानून ती न सोडविणे, न कापणे ही रूढी महाराष्ट्राच्या काही भागांत चालत आलेली आहे. पूर्वी मुलींना देवीला सोडण्यासाठीही हेच निमित्त होत असे. देवदासी प्रथा कायद्याने बंद झाली, परंतु जटेचे भय अनेक घरांत टिकून आहे.

जटेच्या ओझ्याने मान दुखते, डोक्यात उवा व फोड होतात आणि झोप लागत नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्य करणाऱ्या कार्यकर्त्यांनी राज्यात अनेक स्त्रियांना विश्वासात घेऊन त्यांच्या जटा काढल्या आहेत व त्या स्त्रिया आपापल्या संसारात सुखाने नांदत आहेत. गुंता लहान असतानाच तेल लावून तो सोडविला, तर हा प्रश्नच उद्भवत नाही. शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांनी ही गोष्ट कोणाच्या श्रद्धेचा उपमर्द न करता घरोघर समजावून सांगण्यासारखी आहे.

बाळाच्या बोटांकडे लक्ष

आईच्या गळणाऱ्या केसांपासून बाळाला एक प्रत्यक्ष धोका असतो. त्याची माहिती फार थोड्यांना असते. सुटलेला लांब केस दुपट्यातून, झबल्यातून किंवा पायमोज्यातून बाळाच्या पायाच्या अथवा हाताच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. कधी तो मुलाच्या शिश्नाभोवतीही अडकतो. केस दोऱ्यासारखा आवळत जातो, पुढील भागाचा रक्तपुरवठा रोखला जातो आणि बोट सुजून लाल वा निळसर होते. वेळीच तो न काढल्यास बोट गमावण्याचा प्रसंग येऊ शकतो.

म्हणून बाळाला न्हाऊ घालताना प्रत्येक बोट उघडून पाहावे. पायमोजे व अंगडी उलटी करून झटकावीत. बाळ पोट भरलेले असूनही एकसारखे रडत असेल, तर दृष्ट काढण्याआधी त्याचे कपडे उतरवून हातापायांची बोटे तपासावीत. केस दिसल्यास तो हलकेच सोडवावा. तो रुतलेला असेल, दिसत नसेल अथवा सूज उतरत नसेल, तर विलंब न लावता बाळाला दवाखान्यात न्यावे.

प्रश्न केसांचा, उत्तर रक्तात

येथवर वर्णिलेली गळती नैसर्गिक होय. परंतु प्रत्येक गळतीला 'हे असेच असते' म्हणून सोडून देणेही बरोबर नाही. शरीरात लोह कमी असेल तर गळती अधिक होऊ शकते, ती लांबते आणि नवे केस येण्यास वेळ लागतो. महाराष्ट्रातील स्त्रियांच्या बाबतीत ही शंका घेण्यास सबळ कारण आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्याआधीच्या सर्वेक्षणात (२०१५-१६) हे प्रमाण ४८ टक्के होते. याच पाचव्या सर्वेक्षणानुसार राज्यातील ९४.७ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्यसंस्थांत झाल्या. म्हणजे बाळंतपण सुरक्षित स्थळी होऊ लागले. बाळंतिणीचे रक्त मात्र अद्याप कमीच आहे.

साध्या प्रसूतीत अर्धा लिटरपर्यंत रक्त जाते, शस्त्रक्रियेने होणाऱ्या प्रसूतीत त्याहून अधिक. अर्ध्या लिटर रक्ताबरोबर सुमारे दोनशे मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. आधीच्या नऊ महिन्यांत बाळासाठी दिलेले लोह निराळेच. ही तूट भरून काढण्यासाठी शासनामार्फत गोळ्या दिल्या जातात. पोषणजन्य रक्तक्षयाच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला आणि २०१८ पासून 'ॲनिमियामुक्त भारत' या नावाने त्याला नवे रूप देण्यात आले. या कार्यक्रमानुसार गरोदरपणात चौथ्या महिन्यापासून १८० दिवस व प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस रोज एक लाल गोळी घ्यावयाची असते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते.

यांतील दुसरे १८० दिवस अनेकींच्या बाबतीत कागदावरच राहतात. मूल सुखरूप झाले, आता गोळ्या कशाला, असे घरचे म्हणतात. शौच काळी होते म्हणून काहीजणी घाबरतात. वस्तुतः तो लोहाचा निरुपद्रवी परिणाम आहे. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी. गोळीच्या आधी व नंतर तासभर चहा घेऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. लिंबू, आवळा वा पेरू यांमुळे ते अधिक अंगी लागते. कॅल्शियमची गोळी लोहाच्या गोळीबरोबर न घेता दोन तासांचे अंतर ठेवून घ्यावी.

आहाराच्या बाबतीत परंपरेचा आधार मोठा आहे. अळीव, खारीक, डिंक, खोबरे, मेथी, नाचणी हे बाळंतिणीचे पदार्थ पूर्वजांनी विचारपूर्वकच निवडले आहेत. केस हे मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असतात, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने नेहमीपेक्षा सुमारे ६०० किलोकॅलरी ऊर्जा व १७ ग्रॅम प्रथिने जास्त लागतात. 'वातूळ' म्हणून डाळी-उसळी बंद करणे, 'थंड' म्हणून पालेभाज्या व फळे वर्ज्य करणे ही पथ्ये म्हणूनच अपायकारक ठरतात. वरण, मोडाची उसळ, शेंगदाणे, दूध, आणि चालत असल्यास अंडी व मासळी रोजच्या जेवणात असावी. अंगणवाडीतून स्तनदा मातेला सहा महिने पूरक आहार मिळतो. आदिवासी क्षेत्रांत २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेखाली गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देण्यात येऊ लागला. हा आहार त्या मातेच्याच पोटात जावा. घरातील सर्वांत वाटला जाऊ नये.

पुढील लक्षणे असल्यास मात्र बाळंतिणीला प्राथमिक आरोग्य केंद्रात अवश्य न्यावे : थोड्या श्रमाने धाप लागणे, चक्कर येणे, डोळ्यांच्या पापण्यांची आतली बाजू व नखे पांढुरकी पडणे, सतत थकवा, अंगावर सूज, थंडी सहन न होणे, अथवा छातीत धडधड व वजन झपाट्याने उतरणे, कारण प्रसूतीनंतर काही स्त्रियांच्या थायरॉइड ग्रंथीचे कार्य बिघडते, डोक्यावर चाई पडणे, खवले वा पू येणे, आणि मूल वर्षाचे झाल्यावरही गळती न थांबणे. रक्तातील हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास केवळ प्रतिबंधाच्या गोळ्या पुरत नाहीत, डॉक्टरांच्या सल्ल्याने उपचार करावे लागतात.

बेचाळिसाव्या दिवसानंतर

नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत महाराष्ट्रातच, गडचिरोली जिल्ह्यात, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने सिद्ध करून दाखविली. १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि पुढे ती देशाने स्वीकारली. त्यानुसार रुग्णालयातील प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती ४२ व्या दिवसापर्यंत सहा भेटी देते. परंपरेचा सव्वा महिना आणि कार्यक्रमाचे बेचाळीस दिवस जवळजवळ एकाच वेळी संपतात. केस गळू लागतात ते त्यानंतर.

सुदैवाने त्या काळातही भेटीचे प्रसंग आहेत. बाळाला चौदाव्या आठवड्याची लस द्यावयाची असते आणि त्यासाठी आई स्वतः बाळाला घेऊन येते. तिसऱ्या महिन्यात आशा कार्यकर्तीची बालकासाठी आणखी एक गृहभेट २०१८ मध्ये आखलेल्या कार्यक्रमात ठेवलेली आहे. या दोन्ही प्रसंगी बाळाचे वजन होते, लसीची नोंद होते. त्याच वेळी आईला तीन प्रश्न विचारता येतील : गोळ्या चालू आहेत काय, जेवण पोटभर आहे काय, केस गळत आहेत काय. तिसऱ्या प्रश्नाने संभाषण सुरू होते. गोळ्यांविषयी विचारल्यास 'होय' म्हणून विषय संपविणारी आईदेखील केसांविषयी मनमोकळेपणे बोलते. त्या बोलण्यातून तिचा थकवा, तिची झोप आणि बंद पडलेल्या गोळ्या यांची माहिती आपोआप मिळते.

माहेर आणि सासर यांच्यामध्ये निसटणाऱ्या मातांकडे विशेष लक्ष हवे. नोंदणी सासरच्या गावी, बाळंतपण माहेरी आणि तिसऱ्या महिन्यात परत सासरी, या प्रवासात गोळ्यांचा क्रम तुटतो. माता-बाल संरक्षण कार्ड तिच्यासोबत असावे व परत आल्याची वर्दी अंगणवाडीत द्यावी. गावाच्या आरोग्य व पोषण समितीने दर महिन्याच्या ग्राम आरोग्य दिनी अशा परतलेल्या मातांची यादी वाचली, तर एकही माता राहून जाणार नाही.

गळालेले केस परत येतात. त्यासाठी तेलाची बाटली नव्हे, तर थोडा धीर, पोटभर अन्न आणि सहा महिने रोज एक लाल गोळी लागते. गरोदरपणातच तिला हे सांगून ठेवले, तर तिसऱ्या महिन्यात फणीतील पुंजका पाहून ती घाबरणार नाही. आणि तो पुंजका पाहून घरातील कोणी 'तू जेवलीस का, गोळी घेतलीस का?' एवढे विचारले, तर तिच्या निगेतील राहून जाणारा हा टप्पा घरातच भरून निघेल.